भरलेला हात

रहिमाबीनं सुमनचा हात धरला, अंगठा तळहातात दुमडला, आणि पीठ चाळता चाळता मी वर बघेपर्यंत दोन हिरव्या बांगड्या चढल्यासुद्धा. सुमन माझी धाकटी जाऊ. तिच्या नवऱ्याला, म्हणजे माझ्या दिराला, जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं. विधवेच्या हातात बांगड्या! आणि भरणारी कोण, तर तो गेला त्या दिवशी आमच्या दारात बसून ऊर बडवून रडलेली बाई.

रहिमाबी म्हणजे आमच्या हट्टा गावची मन्यारीण, दारोदार फिरून बांगड्या भरणारी. तिला म्हातारचळ लागलाय, असं बायका म्हणत. स्वतःच्या सुनेला, अजराला, ती रोज नव्यानं 'तू कोणाची गं?' विचारायची. पण हात हातात आला की डोळे मिटून मनगटाचं माप सांगायची, वर 'बाळंतपणानंतर सुटलीस' असं चारचौघींत ऐकवायची. मलाही ऐकवलं होतं मेलीनं. वसमतच्या हकिमानं बजावलं होतं, की म्हातारीला घरी बसवू नका. चालू द्या, माणसांत बोलू द्या, हाताला काम असू द्या, म्हणजे डोकं जेवढं शाबूत आहे तेवढं टिकेल. मधे पावसाळाभर तिच्या मुलानं, कादरनं, तिला घरी बसवली, तर ती जेवायचंही विसरायला लागली. पुन्हा फिरायला लागली तशी बोलती झाली. मात्र कादरनं सांगून ठेवलं होतं, कुणाच्याही दारातून एक तक्रार आली की फिरणं कायमचं बंद.

म्हणूनच मागं उभ्या असलेल्या अजराचा चेहरा पांढराफटक पडला. मी तोंड उघडलं. माझं तोंड उघडलं की काय होतं ते गावाला ठाऊक आहे. पण सुमननं माझ्याकडं बघून मान हलवली आणि दुसरा हातही पुढं केला.

"मालक बरे हायेत ना तुझे?" रहिमाबीनं विचारलं.

"व्हय आजी," सुमन म्हणाली. "बरे हायेत."

रहिमाबीनं कानशिलावर बोटं मोडली, तिची दृष्ट काढली आणि अजराबरोबर पुढच्या गल्लीत गेली.

माझ्या सासूबाई, पार्वतीबाई, दारातून सगळं बघत होत्या. गेला तो त्यांचा मुलगा. आता फोडायलाच हव्यात, म्हणून मी वरवंटा घेतला.

"फोडू नको," त्या म्हणाल्या. "येकदा फोडल्या तेवढ्या बस झाल्या."

सुमनचा हात मांडीवर घेऊन त्यांनी तेल चोळलं आणि एकेक बांगडी सोडवली. मनगट लाल झालं, पण एकही फुटली नाही. आम्ही तिघीही रडलो, खोटं कशाला सांगू.

पुढच्या महिन्यात रहिमाबीची हाक आली तशी मी सुमनला आत पिटाळली. म्हातारी ओसरीवर टेकली, माझा हात धरला आणि इकडंतिकडं बघू लागली. कुणीतरी कमी आहे एवढं तिला कळत होतं, पण नाव सापडत नव्हतं. ती कावरीबावरी झाली. अजरा तिला उठवायला लागली, तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. तिकडं लढाई पेटलेली, त्यामुळं बांगड्यांचा माल येत नव्हता, टोपलीत थोड्याच उरल्या होत्या. त्यातल्या हिरव्या त्यांनी स्वतःच्या हातानं निवडल्या. मी बघतच राहिले. एवढं काळीज त्या किडकिडीत बाईत मावलं कसं, ते मला आजही कळत नाही.

"सुमन, भाईर ये," त्यांनी हाक मारली. "रहिमा थांबलीय. हात भरून घे."

सुमन पदराला हात पुसत आली आणि रहिमाबीसमोर बसली.