हिरव्या पानाची किटली

कारखान्यात तिला सगळे मोजणीबाई म्हणत. वस्तू घडवताना किती वीज जळते, किती पाणी नासतं, किती धूर होतो हे ती मोजायची, आणि आकडे कमी भरले की वस्तूवर हिरवं पान छापायला सही द्यायची. मोजायचं मात्र कारखान्याच्या फाटकापर्यंतच. त्यापुढचा रकाना कागदात नव्हता. पूर्वापार असंच चालत आलेलं, आणि चालत आलेल्या गोष्टीला जाब कोण विचारतो?

चार वर्षांपूर्वी विजेच्या किटलीच्या बुडाचे चार स्क्रू तिनेच काढायला लावले होते. धातू वाचला, बूड चिकटवून टाकलं, आकडे खाली आले. साहेबांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली होती.

त्या शनिवारी दुपारी ती थोरल्या बहिणीकडे गेली. ताई आणि भावजी घरामागे भंगार फोडून तांबं काढत. ताईचा आवाज पार बसला होता. सर्दी आहे म्हणाली. त्या सर्दीला सहा महिने झाले होते. मागे काहीतरी धुमसत होतं आणि त्याचा वास घशाला लागत होता. शेजारी विजेच्या किटल्यांचा ढीग होता. सगळ्या किटल्यांवर हिरवं पान होतं.

"या नव्या मेल्या उघडतच नाहीत," ताई घोगऱ्या आवाजात म्हणाली. "आधीच्या दोन मिनिटांत सुट्या व्हायच्या. आता जाळल्याशिवाय तांबं हाती लागत नाही. ज्याने हे बूड चिकटवलं ना, त्याला एकदा इथे आणून बसवायला पाहिजे."

बसलेय गं ताई, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिने ढिगातली एक किटली तेवढी मागून घेतली, आणि त्याची लाज तिला जन्मभर पुरणार होती.

सोमवारी नव्या मिक्सरच्या कागदावर सही हवी होती. त्याचंही बूड चिकटवलेलंच. तिने ताईकडची एक किटली आणि स्क्रूड्रायव्हर साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि उघडून दाखवा म्हणाली. साहेबांनी बरीच खटपट केली, नखही मोडून घेतलं.

"उघडत नाही ही," ते म्हणाले.

"उघडते, साहेब. माझी बहीण जाळून उघडते."

फाटकाबाहेरचं लचांड आपल्या गळ्यात नको, असं साहेबांनी तिला समजावलं. मग शांतपणे हेही सांगितलं की तिची सही नसली तरी शेजारच्या टेबलावरून मिळेल.

"मिळू दे. फाटकाबाहेरचा रकाना घातल्याशिवाय माझी नाही मिळणार."

जागेवर येऊन तिने किटलीचा जुना कागद काढला आणि शेवटी हाताने एक रकाना आखला. पहिल्या ओळीत ताईचे सहा महिने लिहिले. मग तिची नजर वर गेली. वस्तूचं आयुष्य, चार वर्षं, अक्षर तिचंच. म्हणजे ताईकडे आल्या त्या नुसत्या पहिल्या खेपेच्या. बाकीच्या लाखभर अजून घरोघरी ओट्यावर पाणी उकळत होत्या. तुमची किटली एकदा पालथी करून पाहा, बुडाला स्क्रू आहेत का.