सीनेपलीकडचा जन्म

बोरिकची पूड गार पाण्यात नीट विरघळत नाही. थोडी विरते, बाकीची अभ्रकासारखी चकचकत भांड्याच्या कडेला जाऊन बसते. पाणी कढत असलं तर मात्र दिसेनाशी होते. त्या सकाळी मनकर्णाने पूड टाकली आणि पाणी गार असल्याचं मग तिच्या लक्षात आलं. तीन वर्षांत अशी चूक तिच्या हातून झाली नव्हती.

पण आज कचेरीत बोलावणं होतं, आणि दवाखान्याच्या फाटकाशी तिचा धाकटा भाऊ बंकट तिला गावी न्यायला बैलगाडी घेऊन उभा होता.

बीडच्या सरकारी दवाखान्यात ती सुईणीचं काम शिकायला आली तेव्हा पंचवीस वर्षांची विधवा होती. तिचं गाव बोरवाडी, सीना नदीच्या पलीकडे, इंग्रजी मुलखात. उन्हाळ्यात त्या नदीला घोटाभरही पाणी नसे. पण नदीच्या अलीकडे निजामाचं राज्य, सिक्का वेगळा, टपालाचं तिकीट वेगळं. करोडगिरीच्या नाक्यावर शिपायांनी तिचं बोचकं जकातीसाठी उलटंपालटं करून पाहिलं होतं. दवाखान्याच्या दप्तरात तिच्या नावापुढे 'गैरमुलखी' असं पडलं, म्हणजे परकी.

दप्तराबाहेर हा शब्द तिला कोणी ऐकवला नाही. कंपाउंडरच्या म्हाताऱ्या आईने तिला अलिफ-बे शिकवलं, तेव्हा कुठे ती उर्दूतली परीक्षा पास झाली. आणि पहिल्याच हिवाळ्यात चतुराबाई धनगरीण अडली होती. मनकर्णाने मूल सोडवलं, पुसलं आणि सवयीने चतुराबाईच्या जावेच्या हातात द्यायला गेली. विधवेने नव्या जिवाला आधी मांडीवर घेऊ नये, हे बोरवाडीत तिला चांगलंच शिकवलं होतं. चतुराबाई खाटेवरून ओरडली, "तिला कावून देतीस? तू वढून काडलंस त्याला. तूच घे आदी!"

त्या दिवसापासून परत कधी जाणार असं कोणी विचारलं, की मनकर्णा हातातल्या कामाकडे वळायची. ती म्हणायची, "बघू." बंकटच्या पत्रांनाही तेच उत्तर. दवाखान्यात तिचं नावच पडलं, बघूबाई.

आता सुईणीची कायम जागा निघाली होती, पण ती मुलखी, म्हणजे याच राज्यात जन्मलेल्या, माणसालाच. कचेरीतला कारकून बद्रीनाथ मदतीला धावला. "जन्म बीडचा लिहून टाकू. साक्षीदार लई मिळतील." मनकर्णा म्हणाली, "बघू." बद्रीनाथने त्याचा अर्थ 'होय' असा घेतला आणि अर्ज गेलासुद्धा; तिची सही तेवढी साहेबांसमोर व्हायची होती.

कचेरीत तालुकदारसाहेबांनी अर्ज वाचला आणि चष्म्यावरून पाहिलं. "साक्षीदार कोण?"

चतुराबाई पदर खोचून पुढे झाली. "मी हाय हुजूर. हिला म्याच जलम दिलाय. हितंच, बीडात."

"तुझी उम्र काय?"

"तीस आसंल. न्हाईतर पस्तीस. कोन मोजतंय?"

"आणि हिची?"

"अठ्ठावीस," मनकर्णा म्हणाली.

दारातला शिपाई फिसकन हसला. बद्रीनाथने कपाळावर हात मारला. चतुराबाई जराही डगमगली नाही. "मग धाकली आय म्हना! आय ती आय!"

साहेबांच्या मिशीतही हसू हललं. ते त्यांनी आवरलं. "खोटी साक्ष म्हणजे गुन्हा आहे, बाई."

"खोटी कशी? ही गेली तर आमच्या बाया मरतील. ते खरं हाय का न्हाई?"

तेवढ्यात तिच्या मागोमाग आलेला बंकट पुढे सरला. "सायेब, हिचं घर तिकडं हाय. आबांनी तिच्यासाठी ओसरी सारवून ठेवलीया. अक्का, सांग यांना, तू निघालीयास म्हणून."

"बघा," साहेबांनी अर्ज खाली ठेवला. "इथं इल्म शिकायचं आणि तिकडं निघून जायचं. म्हणूनच तर हा कायदा आहे. बाई, तुम्हीच सांगा. जाणार का राहणार?"

सगळे तिच्याकडे वळले. काय उत्तर येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. मनकर्णाच्या जिभेवरही तोच शब्द आला होता.

तिला ती ओसरी दिसली. स्वच्छ सारवलेली, भिंतीकडे तोंड करून बसायला पुरेल एवढी. बाप म्हणून आबांची माया खोटी नव्हती. पण त्या ओसरीवर बसून गावातल्या बायांच्या कळा नुसत्या ऐकायच्या होत्या. इकडे चतुराबाई तिच्यासाठी तुरुंगात जायला निघाली होती, तेही आपलं वय माहीत नसताना. एका नदीने तिला परकी ठरवलं, एका पुसलेल्या कुंकवाने अपशकुनी. आता आपला जन्मही पुसायचा? उकळलेल्या पाण्यातल्या कापडाने शंभरदा पुसून ज्या हाताने शंभर मुलं घेतली, त्या हाताने खोट्यावर सही करायची?

तिने टेबलावरचा अर्ज उचलला. बीड हा शब्द शोधला आणि कागद बद्रीनाथपुढे सरकवला.

"हे खोडा, भाऊ."

"अहो बाई, मग जागा जाईल ना!"

"खोडा. लिहा, जन्म बोरवाडी, सीनेच्या पलीकडे. चतुराबाई माझी आई नाही, मी तिची सुईण आहे." मग ती बंकटकडे वळली. "आबांना सांग, ओसरीवर शेरडं बांधा."

"अक्का!"

तिने साहेबांकडे सरळ पाहिलं. 

"मला मुलखी म्हणा, गैरमुलखी म्हणा. जागा द्या, नाहीतर देऊ नका. मी परत जाणार नाही, हुजूर. मी बीडातच राहणार."