काचेआडच्या टाळ्या

सकाळी बापाने टेंपो सुरू केला की गल्लीतल्या सगळ्या खिडक्या बंद होत, आणि मग काचेआड माणसं टाळ्या वाजवत. टाळ्या ऐकू येत नसत, नुसत्या दिसत. त्या टेंपोमागे धावणाऱ्या थोरल्या मुलीसाठी असत.

तिला असं पळवून बारीक करायची युक्ती आत्याची. थोरली सातवीत होती आणि अंगाने भरलेली होती. 'भरलेली' हा शब्द एकट्या आईचा. बाकी सगळे तिला ढब्बी म्हणत. जिना चढली की तिला धाप लागे, झोपेत छाती सूं सूं वाजे. "चरबी बोलतेय," असं निदान आत्याने केलं होतं. आत्या कपडे शिवायची, त्यामुळे माणसाच्या घेराबाबत तिचा शब्द शेवटचा.

बाप भंगार वाहून नेई. टेंपो इतका धूर सोडी की मागच्या गाडीवाल्याला टेंपो दिसत नसे, फक्त त्याची ख्याती दिसे.

"अहो, इंजिनाचं काम करून घ्या एकदा," आई म्हणे.

"चालतोय ना? मग कशाला?"

थोरलीला डॉक्टरकडे न्या म्हटलं, तरी उत्तर हेच.

धाकटी मात्र काडी. तिला टेंपोच्या मागच्या फळीला धरून, तोंड ताईकडे करून बसवत आणि हातात शिट्टी देत. ताई मागे पडली की फुंकायची. धाकटी फुंकण्यापेक्षा खोकायचीच जास्त. पण काडीला काय धाड भरणार, म्हणून तिकडे कुणी बघत नसे.

रविवारी भंगारवाल्याच्या काट्यावर थोरलीचं वजन होई.

"या ढब्बीबाई! अरे, तो पत्रा उतरव, माल आलाय," भंगारवाला ओरडे. "लोखंडात धरू की रद्दीत?"

गिऱ्हाइकं हसत. बापही हसे. मुलीचा बाप हसला नाही तर लोकांना उगाच अवघडल्यासारखं होतं. थोरली काट्यावर श्वास रोखून उभी राही. तिला वाटे, आतल्या हवेचंही वजन धरतात.

एका सकाळी वळणावर शिट्टी वाजली, पुन्हा वाजली, मग धाकटीच ओरडली, "बाबा, ताई खाली बसली!"

"नाटकं! थांब, उठवतो."

त्याने हॉर्न वाजवला. ती उठेना, म्हणून जागच्या जागी इंजिनही जोरात रेस केलं. थोरली काळ्या ढगात दिसेनाशी झाली. ढग विरला तेव्हा ती रस्त्यावर आडवी होती आणि तिचे ओठ निळे पडले होते.

दवाखान्यात नाकाला नळी लागली. जरा वेळाने ओठांचा रंग परतला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "रोज धावते? कुठे?"

"टेंपोच्या मागे," बाप म्हणाला.

बाईंना वाटलं, आपणच चुकीचं ऐकलं. "मागे?"

"पुढे कशी धाववणार, बाई? गाडी अंगावर जायची. काळजी वाटते हो."

बाईंनी हातात शिट्टी घेऊन खोकत उभ्या असलेल्या धाकटीला जवळ बोलावलं, शिट्टी कशासाठी ते विचारलं आणि एका नळीत जोरात फुंकर मारायला सांगितली.

"तिला कशाला?" मागोमाग दवाखान्यात आलेली आत्या म्हणाली. "ही तर काडी आहे."

काडीने जीव खाऊन फुंकलं. नळीवरचा काटा जेमतेम हलला.

"तुम्हाला थोरलीचं अंग दिसतं, म्हणून तिला बोल लावता," बाई म्हणाल्या. "हिची छाती दिसत नाही, म्हणून हिला शिट्टी देता. धूर दोघींनी खाल्लाय. वजन जास्त असलं की तो अनेकदा जास्तच बाधतो. वजनाचं बघू आपण, सावकाश. पण आधी तिला श्वास तर घेऊ द्या!"

आत्या पदराचं टोक पिळत राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्याकडे माप नव्हतं.

थोरलीने नळी जरा बाजूला केली. "बाबा, टेंपो सुरू झाला की सगळे खिडक्या का लावतात?"

बापाला उत्तर ठाऊक होतं. सगळ्या गल्लीलाच ठाऊक होतं.

"मला वाटायचं, मी धावताना घाण दिसते म्हणून," ती म्हणाली.

बाप उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. भिंतीवर हात धुण्याच्या पद्धतीचं चित्र होतं. ते त्याने फार वेळ वाचलं.

थोरली घरी आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खिडक्या सवयीने बंद झाल्या. पण टेंपो सुरूच झाला नाही. बापाने मागून खांदा लावला होता. गॅरेज चांगलं लांब होतं आणि तोवर किल्ली फिरवायची नाही, असं त्याने ठरवलं होतं. धाकटीने शिट्टी आदल्या दिवशीच गटारात टाकली होती. स्टेअरिंग धरायला आई बसली, शेजारी दोघी पोरी.

"बाबा, मी उतरते. जड होईल तुम्हाला," थोरली खिडकीतून म्हणाली.

"बस तिथेच. टेंपो जड आहे. तू नाहीस."

आत्या आली आणि त्याच्या शेजारी खांदा लावून उभी राहिली. टेंपो हलला. एकेक खिडकी उघडू लागली. बाप धापा टाकत होता, घामाने निथळत होता, आणि सगळी गल्ली बघत होती.

टाळी मात्र कुणीच वाजवली नाही. आता ती ऐकू गेली असती.