बाबांना ऐकू न येणारा आवाज

बाबांनी शिडीवर चढून हार्डवेअरच्या दुकानाच्या पाटीखाली एक डबी ठोकली, साबणाच्या वडीएवढी. खाली उतरून बटण दाबलं आणि माझ्या दातांतून कळ गेली.

"बाबा, बंद करा! केवढी शिट्टी!"

"कसली शिट्टी? मला काही ऐकू येत नाही." ते खूश झाले. "विकणारा म्हणालाच होता, फक्त पोरासोरांना ऐकू येते. आता बघतो तुमची टोळी पायरीवर कशी बसते!"

टोळी म्हणजे चष्मिश, लांबू आणि मी. क्लास सुटल्यावर बसायला आम्हाला दुसरी जागाच नव्हती. बागेला कुलूप असायचं आणि हॉटेलवाला काही मागवल्याशिवाय टेकू द्यायचा नाही.

कानातल्या उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी वयाबरोबर सगळ्यात आधी मरतात, हे मी शिकले होते. पण पायरीवरच्या पोरांना हुसकावणारी डबी काउंटरवरच्या मुलीलाही हुसकावेल, हे बाबांच्या डोक्यातच आलं नव्हतं. संध्याकाळी काउंटर मीच सांभाळायचे.

मी तसं सांगितलं, तर बाबा म्हणाले, "नाटकं करू नकोस."

"मग घ्या परीक्षा."

मी भिंतीकडे तोंड केलं. बाबा बटण चालू-बंद करत राहिले, मी हात वर-खाली. एकदाही चुकले नाही.

बाबांचा चेहरा पडला, पण हट्ट नाही. "दुकान माझं आहे. कानात कापूस घाल."

घातला. आणि मी काउंटर सोडून पायरीवर जाऊन बसले. क्लास सुटून आलेल्या लांबू आणि चष्मिशलाही कापूस दिला.

तेवढ्यात प्लंबर आला. "मालक, नळाचा वॉशर द्या, अर्ध्या इंचाचा."

वॉशरचे खण मी लावले होते, कंपनीप्रमाणे नाही, भोकाच्या मापाप्रमाणे. बाबा एकेक खण उघडत सुटले.

"अगं, अर्ध्या इंचाचे कुठे ठेवलेस?"

"काय? मला काही ऐकू येत नाही!"

प्लंबर हसला. "उद्या येऊ का?"

बाबांनी बटण दाबलं आणि कापसातूनही टोचणारी शिट्टी थांबली. ते दारात आले. चालू की बंद ते कळायला डबीला दिवाबिवा काही नव्हता.

"झाली का बंद?" त्यांना विचारावंच लागलं.

"नाही. बटण बिघडलंय वाटतं. काढूनच टाका."

बाबांनी चष्मिशकडे पाहिलं. तिने दोन्ही कान गच्च दाबले. बाबांनी शिडी आणली. ती धरायला लांबू उठला.

"डावीकडचा वरचा खण," मी प्लंबरला सांगितलं. पायरीवरूनच.