बाविसातही नाही

पाद्र्याच्या भाच्याचं नाव आलं तेव्हा एनक पेग्लरने रोलरची दांडी सोडली. पॅव्हिलियनच्या दारावर ठोकलेली यादी वाचणारी बायको, डॉर्कस, मात्र बाविसाव्या नावापर्यंत वाचतच राहिली.

इंग्लंडहून अकरा गडी आले होते. त्यांच्यापुढे सामना निदान सामन्यासारखा दिसावा म्हणून टास्मानियातली गावं बावीस उतरवत. आमच्या बेलबरीनेही बावीस निवडले होते.

"कसाई आहे. गुडघा धरलेला बँकवाला आहे," डॉर्कस म्हणाली. "तू नाहीस."

अकरा उन्हाळे एनकने हे मैदान राखलं होतं आणि रोज संध्याकाळी सभासदांना सरावासाठी चेंडू टाकले होते. यादीतल्या नऊ जणांच्या यष्ट्या तो आठवड्यातून दोनदा तरी उडवी. चौघांना बॅट धरायला त्यानेच शिकवलं होतं, आणि त्यातले दोघे अजून विसरत.

तो तडक क्लबचे चिटणीस मिस्टर वेदरिल यांच्या लोकरीच्या वखारीत गेला. वेदरिल सभ्य माणूस; नकारसुद्धा खुर्ची देऊन देत. आज खुर्ची दिली नाही. पाहुण्यांबरोबर सगळ्यांचं जेवण एकाच टेबलावर आहे, बायकामंडळी असतील, असं सांगून ते म्हणाले, "तुझा बाप कुठल्या जहाजातून आला, हे आम्ही कधी काढतो का, एनक?"

"आत्ताच काढलंत."

एका मेंढीपायी त्याच्या बापाला बेड्या घालून इंग्लंडहून इथे धाडलं होतं. बेटावर निम्म्यांचे बाप तसेच आले. पण स्वतःची वखार झाली की माणसाला जहाज आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी इंग्लंडच्या कप्तानाला सरावाला कुणीतरी हवा होता. एनकने वेदरिलवरचा सगळा राग चेंडूत घातला आणि कप्तानाचा तीनदा त्रिफळा उडवला. सामन्याच्या सकाळी पाहुण्यांपैकी एक जण कालवं बाधून आडवा झाला. पाहुण्यांना गडी कमी पडला तर यजमानांनी द्यायचा, ही रीत. कप्तानाने नाव घेऊन एनकलाच मागितलं.

वेदरिल स्वतः चालत मैदानात आले. "नशीब काढलंस. इंग्लंडकडून खेळशील. जेवणही त्यांच्याबरोबरच."

परवा बाटणारं टेबल आज बाटत नव्हतं.

"माझ्या बापाला हाकलणाऱ्यांकडून?" एनक म्हणाला. "खेळेन तर बेलबरीकडून. तुमच्यातला एक त्यांना द्या, त्याच्या जागी मला घ्या."

वेदरिलनी मान वळवली. बँकवाला गुडघ्याला फडकं बांधत होता.

"यादी ठरली आहे. हट्टीपणात अगदी बापावर गेलास."

"गेलोच आहे."

एनक कुंपणाकडे आला तेव्हा डॉर्कस तिथे उभी होती. एवढा सामना हातचा घालवणारा गाढव तिने दुसरा पाहिला नव्हता, असं तिने त्याला ऐकवलं. आणि सामना संपेपर्यंत त्याच्या शेजारून हलली नाही.

पाहुण्यांना पाद्र्याचा भाचा मिळाला. त्याला धरूनही त्यांनी दोनशे चाळीस केल्या. बेलबरीच्या सात जणांनी चेंडू टाकून पाहिले. चेंडू कुंपणावर आदळला की एनक तो उचलून परत फेकी, हळूच, खालून.

डाव संपल्यावर तो मातीची बादली घेऊन आत गेला. टाकणाऱ्यांच्या बुटांनी पडलेले खड्डे गुडघ्यांवर बसून एकेक बुजवले, तळहाताने दाबले. सातही जण उजव्या हाताचे. डावखुऱ्या एनकचं पाऊल जिथे पडलं असतं, तिथलं गवत तसंच उभं होतं. त्याने बादली उचलली आणि त्या जागेला वळसा घालून पलीकडे गेला.