शिवेपारची कोंबडी

“इस पार की मुर्गी इस पार. हुकूम है,” नाक्यावरचा सिपाही आडव्या बांबूवर हात ठेवून म्हणाला.

अनुसयेने डोक्यावरचं डालगं उतरवलं नाही. आत पाय बांधलेल्या आठ कोंबड्या होत्या आणि त्या सिपायाकडे तिच्यापेक्षा सभ्यपणे पाहत होत्या.

“काहून? मांगच्या बाजाराले त सोडलं होतं.”

“लांजी की तरफ मानमोडी आई है. बीमारी पार नहीं जानी चाहिए.”

“लांजी कुठं, मी कुठं! माह्या कोंबड्याईच्या माना पाह्य. तुह्यापक्षा सरळ हायेत.”

मागचा सायकलवाला फसकन हसला. सिपाही हसला नाही. मानमोडी हसण्याची गोष्ट नव्हतीच. कोंबडीची मान वळते, दोन दिवसांत ती जाते आणि तिच्यामागे सगळं खुराडं जातं. हे अनुसयेला कुणी सांगायला नको होतं. राग होता तो बांबूचा. बांबूमागची ही नदी दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत नुसती नदी होती. मग कुणीतरी दूर बसून तिची राज्याची सीमा केली, आणि नदीपलीकडे दिलेली लेक बसल्या जागी परराज्यात गेली.

त्या लेकीला, कमलाला, अनुसयेने तीन तलंगा, तरण्या कोंबड्या, अर्धेलीने दिल्या होत्या. पाळायच्या कमलाने, पिल्लं निम्मी-निम्मी. पोटच्या पोरीशी कसली अर्धेली, म्हणून टोल्यावरच्या, तिच्या वाडीतल्या, बाया तोंडाला पदर लावून हसल्या. पण आंदणात दिलेली गाय कमलाच्या सासूने न विचारता विकून टाकली होती. अर्धेलीच्या कोंबडीला सासू हात लावू शकत नाही, मालकीण दुसरी असते. तीन तलंगांच्या आता वीसेक कोंबड्या झाल्या होत्या. त्या घरात कमलाच्या शब्दावर चालणारं तेवढंच होतं.

बाजाराच्या दिवशी कमला पलीकडच्या काठावर येई आणि मायलेकी मिळून गोंदियाला जात. तिला परत पाठवावं म्हणून अनुसया मोहाच्या झाडाखाली डालगं टेकवून थांबली. तेवढ्यात डफडं ऐकू आलं.

टोल्याची माणसं येत होती. पुढे महागू, मातामायचा पुजारी. त्याच्या काखेत काळी कोंबडी, तिला हळद-कुंकू माखलेलं, गळ्यात हिरव्या बांगडीचा तुकडा. कोंबडीची मान एका अंगाला लोंबत होती.

अनुसया पुढे झाली. “महागूभाऊ, टोल्यात मानमोडी आली का गा?”

“काल माह्या खुराड्यात चार गेल्या. सर बाजूले. मातामायची सवारी हाये.”

“आन हे कुठं नेता?”

“पार. रोग शिवेपार टाकाचा, तवा टोला वाचते. तुले काय नवं हाये का?”

नवं नव्हतं. अलीकडच्या गावाने शिवेवर सोडलेली कोंबडी पलीकडच्यांनी उचलून पुढच्या शिवेवर न्यायची, पुढच्यांनी त्याच्यापुढे. असं करत करत रोग गावोगाव मानाने फिरायचा.

“पारच्या शिवेवर माह्या पोरीचं घर हाये.”

“पोरगी नाई मरत व कोंबड्याईच्या रोगानं!”

सिपायाने टोपी काढली, हात जोडले आणि बांबू वर केला. “जाने दो, देवी का काम है.”

अनुसयेच्या डोक्यात काहीतरी तटकन तुटलं.

“वा रे वा! माह्या धडक्या कोंबड्याईले हुकूम, आन या मरतुकडीले नमस्कार? इले नाई का रे सीमा?”

सिपाही नदीकडे पाहू लागला. माणसं बांबूखालून निघालीही होती. अनुसया त्यांना आडवी गेली, महागूच्या काखेतून तिने कोंबडी ओढली आणि लोंबती मान एका हिसक्यात पुरी पिरगाळली.

डफडं थांबलं.

“मातामाय कोपंल, रांडे!” महागू ओरडला.

“कोपू दे. माह्या घरी धाड तिले, मी बसाले पाट देतो.”

कुणी तिच्या अंगावर आलं नाही. उलट सगळे दोन पावलं मागे सरले. हात अंगाशी धरून महागू म्हणाला, “आता रोग तुह्या अंगावर. टोल्यात पाय टाकू नको.”

“तुह्याच घरचा हाये तो,” ती म्हणाली. पण तोवर त्यांनी पाठ फिरवली होती.

अलीकडच्याच काठावर तिने काठीने खोल खड्डा केला. कोंबडी पुरली, वर दगड रचले. दगड ठेवताना एकेकाला शिवी दिली: महागूला, सिपायाला, सीमा आखणाऱ्याला. मग वाळूने हात घासले. कितीही घासले तरी तिचं मन भरेना. मेलेल्या कोंबडीचा रोग हातांना असेल, म्हणून मोहाखालच्या डालग्याला आता तिलाच हात लावायचा नव्हता.

“मायव!”

कमला पलीकडून नदीतल्या ठेंगण्या फरशीवर, रपट्यावर उतरली होती. घोटाभर पाण्यातून भरभर येत होती.

“थांब तिथंच!”

“काहून? काय झालं व? बाजार नाई का?”

“नाई. आल्या पावली घरी जाय. कोंबड्या खुराड्यात कोंड. टोल्यावरचं कोणी आलं त अंगणात घेऊ नको.”

“आन तू?”

“मलेई नाई.”

कमला रपट्याच्या मधोमध उभी राहिली. आणखी एक पाऊल टाकलं, तर माय अशी ओरडली की बांबूपाशी सिपाहीसुद्धा दचकला. मग ती वळली. दोनदा मागे पाहत गेली.

वाऱ्याने अनुसयेच्या डोक्यावरचा पदर घसरला. ओले हात अंगापासून लांब धरून ती तशीच उभी राहिली.