काखेतली गाठ

२००७ च्या दिवाळीनंतर गोदाबाईंच्या डाव्या काखेत गाठ आली. आदल्या वर्षीच त्या बाजूच्या स्तनातला कॅन्सर काढला होता. ती गाठ हाताला लागली सुनेच्या, प्राजक्ताच्या. हिवरखेडच्या घरी त्यांच्या पाठीला तेल चोळून देताना.

प्राजक्ता अमरावतीला केमोकाइन्सवर संशोधन करायची. शरीरातल्या पेशी ही रसायनं सोडून इतर पेशींना बोलावून घेतात. कॅन्सरच्या काही पेशींनाही ही हाक कळते. तिच्या मागोमाग त्या काखेतल्या लसिकाग्रंथींत, पुढं फुप्फुसांत, हाडांत जाऊन बसतात. प्रयोगशाळेत हे वाचताना तिला कधी भीती वाटली नव्हती. आता तिचा हात जागीच थांबला.

"काहून थांबली वं?"

"आई, उद्या अकोल्याले जाऊ. गाठ हाय इथं."

"ठाव हाय मले. आठवडा झाला."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"तुह्यं तोंड असं पांढरं पडलं असतं म्हनून."

अकोल्यात डॉक्टरांनी सुईनं गाठीतला नमुना घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांनी रिपोर्ट वाचला आणि चष्मा काढला. "कॅन्सरच्या पेशी नाहीत. संसर्गानं ग्रंथी सुजली आहे. हाताला काही लागलं होतं का?"

गोदाबाईंनी पदराखालून डावा अंगठा बाहेर काढला. नखाशेजारी पू धरून ठसठसणारं नखुरडं होतं.

"कापूस वेचताना बोंडाचं टोक घुसलं."

"ऑपरेशनच्या बाजूच्या या हाताला जपा म्हणून बजावलं होतं ना?"

"औंदा कापसाले भावच नाई साहेब. वेचाले बाया कुठून लावाच्या? म्हनून गेली मी, कोनाले न सांगता."

अंगठ्यातल्या जंतूंशी लढायला शरीरानं आपल्याच पांढऱ्या पेशी ग्रंथीत बोलावल्या होत्या. तीच हाक, तीच रसायनं. हे प्राजक्ताला पाठ होतं, पण इतक्या वेळात एकदाही सुचलं नव्हतं. ती हसू लागली आणि हसता हसता तिला रडूच फुटलं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, सूज उतरली का ते पाहायला पुन्हा बोलावलं.

बाहेर येऊन तिनं नवऱ्याला, गजेंद्रला फोन लावला. पण त्याचा आवाज ऐकताच ती पुन्हा रडू लागली. तो पलीकडून घाबरून विचारत राहिला. शेवटी गोदाबाईंनीच फोन घेतला.

"अरे, खुशीनं रडून राहिली ते! कॅन्सर नाई काही. आन आइक, वावरातला उरलेला कापूस आता तूच वेच. तुह्या बायकोनं मले बंदी केली."

प्राजक्तानं अजून तसं काही म्हटलंच नव्हतं.

"केलीच!" ती डोळे पुसत म्हणाली.